गोष्ट ऐकायला वाचता यावं लागत नाही

शाळेच्या ऑफिसात मोठ्या बाईंच्या खुर्चीमागं एक फोटो लावलाय. दहा मुलं रांगेत उभी आहेत, इस्त्रीच्या गणवेषात, प्रत्येकाच्या हातात उघडं पुस्तक. मागच्या फळ्यावर रंगीत खडूनं 'आमचे वाचनालय' असं लिहिलंय. उजव्या टोकाला हातात पुष्पगुच्छ धरून ओशाळं हसणारी जी बाई दिसते, ती मी. त्या फोटोकडं नजर गेली की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. राग फोटोतल्या मुलांचा नाही. जी मुलं फोटोत नाहीत त्यांना त्या दिवशी कुठं बसवलं होतं, ते मला ठाऊक आहे, म्हणून.

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षं कानाला हेडफोन लावून नंबर जोडून देण्यात गेली. पुढं यंत्रं बदलली, आम्हाला कागदांच्या टेबलांवर बसवलं, पण आवाज शाबूत राहिला. निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी नवऱ्याला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. आठवडाभर त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, मला अजून डोळे आहेत, तुझ्या आवाजाला दुसरं गिऱ्हाईक बघ. बोलला थट्टेनं, पण मी ते मनावर घेतलं.

माझी एक मैत्रीण पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती म्हणायची, आमच्याकडं पुस्तकांची दोन कपाटं भरलीत, उघडायला माणूस नाही. ती निवृत्त झाली तशी मी एका सकाळी रिक्षा करून त्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकांना भेटले. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. आठवड्यातून एक तास मुलांना गोष्टी वाचून दाखवीन, काही नको मला, असं म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नको म्हणायला कारण सापडेना, तेव्हा गुरुवारचा शेवटून दुसरा तास दिला. तिसरीचा वर्ग.

शाळेच्या चारी बाजूंनी यंत्रमागांची खटखट चालू असते. घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मुलं बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरांतली, काही मुसलमानांची, काही खेड्यातून कामाला आलेल्या मराठी घरांतली. मधल्या सुट्टीत पटांगणात तिन्ही भाषा एकमेकींत मिसळून धावत असतात. घंटा झाली की वर्गात एकच उरते, तीही पुस्तकातली.

वाचनालयाची खोली व्हरांड्याच्या टोकाला. आत स्टीलची दोन कपाटं, एक टेबल, एक खिडकी. पुस्तकं फार सुंदर होती, हे सांगायलाच हवं. मोठाल्या चित्रांची, गुळगुळीत कागदाची. त्यातली निम्मी अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत होती. तिसरीच्या वर्गशिक्षकांकडंच कपाटांची जबाबदारी होती. हे सर मंद्रूपहून रोज मोटारसायकलवर येतात. त्यांनी पहिल्या दिवशी किल्लीनं कपाट उघडलं, एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं आणि लगेच कुलूप लावलं. मुलं खाली सतरंजीवर हाताची घडी घालून बसली होती. मी विचारलं, बाकीची पुस्तकं मुलांच्या हातात देऊ या का, चित्रं तरी बघतील. सर म्हणाले, "फाटलं तर जबाबदारी माझ्यावर येती की बाई." त्यांचा स्वर वाईट नव्हता. पण पुस्तकं कुणासाठी आलीत हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, आणि तो कुणी त्यांना विचारलाही नव्हता.

पहिली गोष्ट एका माकडाची होती. दोरीवर वाळत घातलेली साडी पळवून ते झाडावर जातं आणि नेसायला बघतं, अशी. मी आवाज बदलून, हातवारे करून वाचली. मुलं टक लावून बघत होती, पण हसत नव्हती. हसायला परवानगी आहे की नाही याचा अंदाज घेण्यात त्यांचा तास गेला. गोष्ट संपली तसे सर पुढं झाले आणि म्हणाले, तात्पर्य काय? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "नेहमी खरे बोलावे!" त्या गोष्टीत खरं किंवा खोटं कुणी बोललंच नव्हतं. माकड तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुकं होतं. मी सरांकडं पाहिलं, ते समाधानानं मान हलवत होते.

घरी येऊन मी नवऱ्यापुढं अर्धा तास तणतणले. तो जेवत होता. म्हणाला, मग पुढच्या खेपेला शेवट वाचून झाल्याबरोबर पुढची गोष्ट सुरू कर, तात्पर्याला जागाच ठेवू नको. ही युक्ती चालली. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी मुलं हसायला लागली, हाताच्या घड्या सुटल्या. सर तास सुरू करून देऊन आपल्या कागदांकडं जायला लागले.

दाराजवळ कपाटाला टेकून एक मुलगी बसायची. लाल रिबिनी, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, घोगरा आवाज. तो आवाज मला माहीत असण्याचं कारण असं की मी वाचत असताना ती सतत कुजबुजत असे. शेजारी तिच्याच नात्यातली एक बारीक पोरगी बसायची, तिच्या कानाला लागून हिचं चाललेलं असायचं. दोन गुरुवार मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या गुरुवारी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "लाल रिबिनवाली, तोंड बंद. नाहीतर बाहेर जायचं." ती गप्प झाली आणि जमिनीकडं बघत बसली. पुढची पानं मी शांततेत वाचली, आणि ती शांतता मला फार आवडली. हे लिहिताना लाज वाटते.

तास संपल्यावर त्याच वर्गातला एक मुलगा टेबलाजवळ आला. म्हणाला, "बाई, ती बडबडत न्हवती. ती तिला सांगत होती. तिला मराठी कळत न्हाई की."

म्हणजे ती बारीक पोरगी नुकतीच तेलंगणातून आलेली होती. मी एक वाक्य वाचलं की ही ते तेलुगूत करून तिच्या कानात घालत होती. मी पुढं जायच्या आत. माझ्या वेगानं. टेलिफोनवर मी आयुष्यभर दोन माणसांना जोडून दिलं, पण हे असलं काम मला सात जन्मांत जमलं नसतं. आणि त्याबद्दल मी तिला वर्गासमोर झापलं होतं.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिच्याकडं लई लक्ष देऊ नका, ती अप्रगतमध्ये आहे. अप्रगत हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ज्यांना वाचता येत नाही त्यांची एक यादी असते, त्या यादीचं हे नाव. मूल वाचायला शिकलं नाही तर अप्रगत कोण, शिकवणारा की शिकणारा, हे यादीत लिहिलेलं नसतं. सर तिच्यासमोरच बोलत होते. अप्रगतला मराठी कळत नाही असं त्यांना वाटत असावं.

पुढच्या गुरुवारी मी तिला सगळ्यांत पुढं, माझ्या खुर्चीशेजारी बसवलं आणि म्हणाले, तू मोठ्यानं सांग. ती तयार होईना. मी आधीच्या गुरुवारबद्दल तिची माफी मागितली. मोठ्या माणसानं अशी माफी मागितलेली त्या वर्गानं बघितली नसावी, कारण सगळे एकदम चिडीचूप झाले. मग मी हत्तिणीचं पुस्तक उघडलं.

एका हत्तिणीची झोप हरवते. ती रानातल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन विचारते, "माझी झोप पाहिलीत का, माझी झोप?" घुबड म्हणतं, माझी दिवसाची आहे, तुला आखूड पडेल. मासा म्हणतो, मी उघड्या डोळ्यांनी झोपतो, तुला जमणार नाही. वटवाघूळ म्हणतं, आधी उलटी लटक, मग बोल. प्रत्येक दाराशी तोच प्रश्न. दुसऱ्या दाराशी मुलगी घोगऱ्या आवाजात माझ्यामागून म्हणाली, "ना निद्र." मला अर्थ विचारावा लागला नाही. आपण पुस्तकात निद्रा लिहितो आणि घरात झोप म्हणतो. ती घरात निद्र म्हणते आणि पुस्तकात तिला झोप भेटते. तिसऱ्या दाराशी मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "मेरी नींद देखे क्या?" वर्ग खदखदून हसला. त्यानंतर प्रत्येक दाराशी हत्तीण तीन भाषांत विचारायला लागली. ती बारीक पोरगी पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबर हसली, सगळ्यांच्या नंतर नाही.

पुस्तक मोठं होतं, एका तासात होणारं नव्हतं. हत्तीण दमून भागून एका विहिरीच्या काठाशी येते आणि आत वाकून बघते, तिथं घंटा झाली. आत काय होतं, असं विचारत मुलं दारापर्यंत माझ्या मागं आली. मी म्हणाले, पुढच्या गुरुवारी.

मधल्या सोमवारी मोठ्या बाईंचा फोन आला. वरून साहेब येणार होते शाळा बघायला, आणि नेमके गुरुवारी. वाचनालय दाखवायचं होतं. त्यांनी मला जरा लवकर यायला सांगितलं, आणि चांगली साडी नेसा असंही म्हणाल्या.

मी गेले तेव्हा खोलीत पताका लावल्या होत्या. दोन्ही कपाटं सताड उघडी, प्लास्टिकच्या पिशव्या गायब. सतरंजीवर दहा मुलं बसली होती, तिसरीतली आणि चौथीतली निवडलेली. बाकीचे कुठं आहेत, मी सरांना विचारलं. ते घाईत होते. येतील, येतील, म्हणाले.

साहेब आले. दहा मुलांनी एकामागून एक उभं राहून एकेक परिच्छेद वाचला. फार छान वाचला. एक मुलगा तर इतका छान की पान संपलं तरी तो पान न उलटता पुढं वाचतच राहिला. मी त्याच्यासमोरच उभी होते. त्याची नजर पुस्तकावर नव्हती, समोरच्या भिंतीवर होती. सगळं पाठ करून घेतलं होतं. साहेबांच्या हे लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी सोडून दिलं. दोन्हींत मला काही फरक वाटत नाही. मधलं एखादं पान उघडून, हे वाच रे बाळा, एवढं म्हणायला त्यांचं काय जात होतं? ते खुर्चीत बसून चहा प्यायले, आणि कप ठेवायला बशी दिसेना तेव्हा टेबलावरच्या एका पुस्तकावर ठेवला. मुलांनी हात लावला तर खराब होणारी ती पुस्तकं. सर शेजारीच उभे होते, ते एक शब्द बोलले नाहीत.

मग मला पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, साहेब गेले. मी पुन्हा विचारलं, तिसरीची बाकीची मुलं कुठं आहेत. सर आता निवांत झाले होते. म्हणाले, "त्यांना आज येऊ नका म्हणून सांगितलं. वाचता येत न्हाई त्यांना. साहेबांपुढं काय दाखवायचं?"

तिथंच, त्या क्षणी, मी तो पुष्पगुच्छ टेबलावर टाकून बोलायला हवं होतं. साहेबांची गाडी अजून फाटकाशीच होती. मी बोलले नाही. जाऊ दे, आपण बाहेरच्या, आपल्याला पुढंही इथं यायचंय, असं मनाशी म्हणत मी रिक्षात बसले. घरी नवऱ्यानं पुष्पगुच्छ बघून कौतुक केलं आणि मी त्याच्यावर उगाच खेकसले. राग सरांवर होता, मोठ्या बाईंवर होता, साहेबांवर होता, आणि चौथा वाटा माझ्या स्वतःवर होता. तो बाकी तिघांपेक्षा मोठा होता.

पुढच्या गुरुवारी मी ठरवून अर्धा तास आधी गेले, मोठ्या बाईंशी बोलायचं म्हणून. ऑफिसात पोचते तर दाराच्या चौकटीशी एक बाई उभी होती. तिशीची असेल, काटक, पदर खोचलेला, अंगाला तंबाखूचा वास. विडीचं काम टाकून आली होती. मोठ्या बाई तिला सांगत होत्या की गणवेष पुढच्या महिन्यात येणार आहेत. ती म्हणाली, गणवेषासाठी आले नाही. दाखल्यांचं आठवड्यानंतर, मोठ्या बाई म्हणाल्या. ती म्हणाली, दाखला पण नको. मग काय पाहिजे, असं मोठ्या बाईंनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

ती म्हणाली, "हत्तिणीची झोप घावली का न्हाय, तेवढं सांगा."

मोठ्या बाईंना काही कळेना. मला कळलं. ती लाल रिबिनवालीची आई होती. हळूहळू तिनं सगळं सांगितलं. तिच्या मराठीत लिंगं इकडची तिकडं होत होती, पण बोलण्यात कुठं अडखळणं नव्हतं. दर गुरुवारी शाळा सुटली की मुलगी घरी येऊन गोष्ट सांगते. ओट्यावर चार-पाच जणी विड्या वळत बसलेल्या असतात, शेजारची एक म्हातारी असते, सगळ्या ऐकतात. हात चालू, कान तिच्याकडं. हत्तीण विहिरीत वाकली तिथं गोष्ट थांबली होती. मागच्या गुरुवारी सगळ्या वाट बघत होत्या. पण मुलगी त्या दिवशी शाळेतच गेली नव्हती, आणि का ते सांगेना. शेवटी दोन दिवसांनी रडून म्हणाली, ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोष्ट नसते, सरांनी सांगितलंय.

मग माझ्याकडं नाही, मोठ्या बाईंकडं बघून म्हणाली, "मला बी वाचाय येत न्हाय की बाई. मग मी गोष्ट ऐकू नये का?"

मोठ्या बाई म्हणाल्या, तसं काही नाही, त्या दिवशी कार्यक्रम होता, मुलांची गर्दी नको म्हणून. त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. आणि मग मी बोलले. आठवडाभर साठलेलं सगळं बाहेर आलं. पाठ करून घेतलेले परिच्छेद, पुस्तकावर ठेवलेला कप, आणि घरी बसवलेली मुलं. मी म्हणाले, "ज्या मुलांसाठी वाचनालय आहे तीच तुम्ही लपवून ठेवलीत. आणि हिच्या मुलीला तुम्ही अप्रगत म्हणता, जी कानानं मराठी ऐकत असतानाच तोंडानं तेलुगू बोलते. तुम्हाला येतं का? मला तरी येतं का?"

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तुम्ही आठवड्यातनं एक तास येता, गोष्ट सांगता, मुलं हसतात, तुम्ही घरी जाता. आम्ही रोज इथं असतो. किती माहित्या भराव्या लागतात, कुणाकुणाला उत्तरं द्यावी लागतात, तुम्हाला काय माहीत?"

ते खरं होतं. पण खरं असलं तरी त्यातून मुलीला घरी बसवायचा हक्क कसा निघतो, ते मला आजही कळलेलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, तुमचा उपक्रम आपण तूर्त थांबवू. मी म्हणाले, थांबवा. आणि त्या बाईच्या मागं मागं फाटकाबाहेर पडले.

रस्त्यात तिनं मला विचारलं, "अक्का, मग आमच्याकडं येता का?"

तिचं घर दोन गल्ल्या टाकून. ओट्यावर पोतं अंथरून तिनं मला बसवलं. शाळा सुटल्यावर मुलगी आली, मला बघून दारातच थबकली. तिच्या नात्यातली ती बारीक पोरगी, वर्गातली सात-आठ पोरं, सूप घेतलेल्या बायका आणि ती म्हातारी, सगळ्यांनी ओटा भरला. पुस्तक तर माझ्याजवळ नव्हतं, ते कुलपात. आधी एकदा शेवटपर्यंत चाळलं होतं, त्यावरून मी आठवून सांगायला लागले, आणि जिथं अडले तिथं मुलगी सांगत गेली, कारण मागचा सगळा भाग तिला शब्दन् शब्द पाठ होता. विहिरीपासून पुढचं मात्र मलाच सांगायचं होतं. हत्तीण आत वाकून बघते तर खाली पाण्यात दुसरी एक हत्तीण. तिचेही डोळे टक्क उघडे. हिला तिची कीव येते. बिचारी, म्हणते, तुझीही हरवली का? आणि काठावर बसून ती पाण्यातल्या हत्तिणीला अंगाई म्हणायला लागते. म्हणता म्हणता पाण्यातलीचे डोळे जड होतात, आणि मग काय झालं ते काठावरच्या हत्तिणीला कळलंच नाही, कारण ती झोपली होती.

मुलीनं शेवटचं वाक्य तेलुगूत सांगितलं. सुपांवरची बोटं थांबली होती. मग ती म्हातारी काहीतरी बोलली आणि सगळ्या जोरात हसल्या. मी मुलीकडं पाहिलं. ती म्हणाली, "आज्जी म्हणती, हत्तीण येडी हाय, सोताचं तोंड वळखत न्हाय." मला वाटतं त्या पुस्तकाबद्दल इतकं नेमकं मत कुणी दिलं नसेल.

पुढचे काही गुरुवार मी ओट्यावरच गेले. घरून पुस्तकं न्यायचे. ओट्यावर तात्पर्य कुणी विचारत नसे, पण प्रश्न फार विचारत. पात्रानं असं का केलं, त्याच्या जागी मी असते तर, असे वाद चालायचे, आणि त्यात विड्या वळणं चालूच.

मग शाळेत पालकसभा झाली. एरवी त्या सभेला पाच-सहा माणसं जातात आणि सही करून परततात. या वेळी त्या गल्लीतल्या दहा-बारा जणी गेल्या. मी तिथं नव्हते, मला त्या मुलीच्या आईनं नंतर सांगितलं. सभा संपत आली तेव्हा ती उठली आणि म्हणाली, आम्हाला ते हत्तिणीचं पुस्तक बघायचं आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, नंतर बघू. बायका जागच्या उठल्या नाहीत. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भांडलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. शेवटी सरांनी कपाट उघडलं. पुस्तकाला हात लावण्याआधी सगळ्या जणी नळावर जाऊन हात धुऊन आल्या, कुणी सांगितलं नसताना. मग एकेक पान उलटून बघितलं. म्हातारी आली नव्हती, तिला घरी जाऊन नीट सांगता यावं म्हणून एक फेरी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा मला फोन आला. गुरुवारपासून या, एवढंच म्हणाल्या. मागचं काही त्यांनी काढलं नाही, मीही नाही. आता सगळी तिसरी बसते, चौथीतलीही पोरं येतात. पुस्तकं सतरंजीवर पसरलेली असतात. दोन फाटली. सर ती चिकटपट्टीनं जोडत बसलेले मी पाहिले, आणि ते कुरकुरत नव्हते, हेही सांगायला पाहिजे. पण हे गुरुवारचं झालं. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार-शनिवार कपाटांना कुलूप असतं. मी महिन्यातून एकदा तरी त्यावरून भांडते. बघू, म्हणतात.

मुलगी आता चौथीत आहे, सरही वर्गाबरोबर चौथीला आलेत. यंदाच्या चाचणीत तिच्या नावापुढं पुन्हा तोच शब्द आला. मी सरांना म्हणाले, निदान हे तरी लिहा की ही मुलगी ऐकता ऐकता एका भाषेतून दुसरीत गोष्ट सांगते. सरांनी तो छापील कागदच माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय. पण तसं लिहायला रकानाच न्हाई." मी कागद उलटसुलट करून बघितला. खरंच नव्हता.

गेल्या गुरुवारी ती म्हणाली, आज मी वाचते. मी खुर्ची तिला दिली आणि सतरंजीवर बसले. एकच पान होतं, सहा-सात ओळींचं. तिनं बोट ठेवून सुरुवात केली. जोडाक्षराशी अडायची, मागं जायची, पुन्हा यायची. कुणी पुढचा शब्द सुचवला की ती हातानं त्याला गप्प करायची. बराच वेळ गेला. घंटा झाली. सर दारात आले आणि मुलांना रांगेत उभं करायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मी बसल्या जागेवरून हात वर करून त्यांना थांबवलं. दोन ओळी राहिल्या होत्या.